नापास करणारीची शिफारस

८ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अक्षर काही सुधारलेलं नाही. बाकीचं थोडं सुधारलंय, म्हणून धीर करून लिहितेय. फोनच करणार होते, पण आईला कुठूनसं कळलंय की तुला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि तू समोरच्यालाच 'तोंडातल्या तोंडात बोलू नकोस' म्हणून झापतेस.

आपण शेवटचं बोललो तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते आणि तू मला जीवशास्त्रात नापास केलं होतंस. त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगते. फेरपरीक्षेत कशीबशी सुटले, कॉलेजात गेले, दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात गटांगळ्या खाल्ल्या आणि कॉलेज सोडलं. आता नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवते. त्यातही बरीच वर्षं झाली.

सकाळी तलाव लोकांसाठी उघडण्याआधी इस्पितळातले पेशंट उथळ भागात व्यायामाला येतात. त्यांच्याबरोबर एक फिजिओबाई असतात. आधी मी नुसती शिट्टी गळ्यात अडकवून काठावर उभी राहायची. मग बाईंनी एकदा पाण्यात बोलावलं, 'जरा यांचा दंड धर' म्हणून. ते एक बेकरीवाले काका, पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवा पाय ओढत चालणारे. जमिनीवर त्यांना दोन माणसं लागतात. पाण्यात माझ्या एका हातावर त्यांनी पाय उचलला, पुढे टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी केलंय. मी काही केलं नव्हतं. बाईंनी केलं होतं. पण आत्या, मला ते यायला हवंय.

फिजिओथेरपीला प्रवेश घ्यायचा ठरवलाय. मार्क म्हणशील तर दाखवण्यासारखे नाहीत. तीन शिफारसपत्रं लागतात, त्यातलं एक शिक्षकाचं हवं. मला नावानिशी ओळखणारे शिक्षक कोण, असा विचार केला तर एकच चेहरा डोळ्यांपुढे आला. तो नेमका नापास करणारीचा निघाला.

देशील का? उत्तर तलावाच्या पत्त्यावर पाठव. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी भाची


१७ जानेवारी

पाणकोंबडे,

लहानपणी टबातून बाहेर निघायची नाहीस म्हणून हे नाव मी ठेवलं होतं. आता तलावावर नोकरीच करतेस म्हटल्यावर ते मागे घ्यायचं कारण नाही.

तुझं पत्र शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून सोबत परत पाठवलं आहे. 'फिजिओथेरपी' मात्र बरोबर लिहिलंस. ज्या घरात शिरायचं त्याची पाटी तरी वाचता येते.

शिफारस देणार नाही. मी ओळखते ती सतरा वर्षांची मुलगी. तिच्याबद्दल खरं लिहिलं तर तुझं नुकसान होईल, आणि खोटं मी लिहीत नाही. शिवाय मी सख्खी आत्या. माझ्या पत्राला तिथे कोण विचारतो?

निवृत्त होऊन मी राहायला आले त्या या गावात एक फिजिओथेरपी कॉलेज आहे. तिथे शिकवणाऱ्या एक बाई माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, जुने मार्क पुसता येत नाहीत, पण अलीकडचे कुठले असतील तर आम्ही ते आधी बघतो. म्हणजे तुला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र पुन्हा द्यावं लागेल. संध्याकाळचे वर्ग असतील तर नाव घाल.

दर पंधरवड्याला मी प्रश्न पाठवीन. पुस्तक बंद करून उत्तरं लिहायची. येत नसेल तिथे 'येत नाही' असं लिहायचं. कोरी जागा सोडलीस तर पुढचं पाकीट न उघडता परत पाठवीन.

पहिला प्रश्न: जिना चढताना गुडघा सरळ कोण करतं आणि वाकवतं कोण?

आत्या


३ मार्च

ती. आत्या,

गुडघ्याच्या उत्तरात मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू उलटे लिहिले होते, ते तू लाल शाईने गोल करून पाठवलंस. तेव्हापासून मी जिना चढताना मांडी चाचपत चढते. परवा शेजारच्या आजोबांनी विचारलं, 'काही हरवलंय का?' आता पुढचे-मागचे जन्मात चुकणार नाहीत.

संध्याकाळच्या वर्गात नाव घातलंय. माझ्या बाकावर एक शिंपी आहे आणि एक दोन मुलांची आई. आमच्या मानाने मास्तर फारच तरुण आहेत, सारखे 'तुम्ही' म्हणतात. बाबांना सांगितलंय की तलावावर संध्याकाळची बॅच सुरू झालीय. ताकाला जाऊन भांडं लपवतेय, कळतंय मला. पण कॉलेज सोडलं तेव्हा बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. मी पुन्हा तोंडघशी पडले तर? जमल्यावरच सांगीन.

तीन कॉलेजांचे अर्ज याच महिन्यात भरतेय, तुझ्या गावचाही. शिक्षकाचं पत्र या तरुण मास्तरांनी दिलंय. ते मला जेमतेम दीड महिना ओळखतात. चांगलं लिहिलंय बिचाऱ्यांनी.

एक विचारायचं होतं. पहिल्या पत्रात धीर झाला नाही. माझा निकाल लागल्यावर तू आमच्याकडे येणं का बंद केलंस? मला तेव्हाच कळलं होतं, तरी विचारते. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं की मी तुझी भाची. बाईंचीच भाची नापास. तुला माझी लाज वाटली ना?

तुझी भाची


१२ मार्च

पाणकोंबडे,

लाज?

तुझी उत्तरपत्रिका मी एकदा तपासून बाजूला ठेवली, मग पुन्हा तपासली. एखादा मार्क माझ्या नजरेतून सुटला असेल म्हणून. सुटला नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही. पण लाज मला ना तुझी वाटली ना माझी. तू अभ्यास केला नव्हतास आणि मी तेवढंच कागदावर लिहिलं.

येणं का बंद झालं ते मी सांगणार नाही. ती गोष्ट माझ्या एकटीची नाही. तुझ्या आईला विचार.

रक्ताभिसरणाची आकृती पुन्हा काढ. तुझ्या हृदयातून रक्त बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाहीस.

आत्या


३० मार्च

ती. आत्या,

आईला विचारलं. ती आधी भांडी घासत राहिली, मग नळ बंद करून खुर्चीत बसली.

म्हणाली, निकालाआधी बाबा तुझ्या शाळेत आले होते. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. 'चार मार्कांचा तर प्रश्न आहे, घरचीच पोर आहे, ढकल पुढे,' असं म्हणाले. तू नाही म्हणालीस. त्यावर बाबा म्हणाले, 'मग बाईच राहा, बहीण राहू नकोस.'

इतकी वर्षं मी समजत होते की तू मला टाकलंस. आणि तू सगळं गिळून बसलीस, बाबांबद्दल एक शब्द काढला नाहीस.

 आकृती सोबत आहे. रक्ताला वाट ठेवलीय.

तुझी


१० ऑगस्ट

पाणकोंबडे,

मेपासून उत्तरं बंद आहेत. माझी पाच-सहा पाकिटं तुझ्याकडे पडून असतील.

घरी कळलं असेल आणि पत्रं थांबवायला सांगितलं असेल, तर वडिलांचं ऐक. माझ्यापायी घरात भांडण नको. पण संध्याकाळचे वर्ग सोडू नकोस, एवढंच म्हणते. या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आत्या


२१ ऑगस्ट

ती. आत्या,

बाबांना काही कळलेलं नाही. थांबवलं मीच.

तिन्ही कॉलेजांनी नाही म्हटलं. दोघांनी छापील चिठ्ठी पाठवली, त्यातल्या एकाने माझं आडनावही चुकवलं. तिसऱ्या, तुझ्या गावच्या कॉलेजने प्रतीक्षायादीत तळाला ठेवलं होतं, पण यादी तिथपर्यंत आलीच नाही. तुला कुठल्या तोंडाने कळवणार होते? पालथ्या घड्यावर पाणी ओतलं असं तुला वाटेल, म्हणून तीन महिने गप्प बसले. वर्गालाही दांड्या मारल्या.

मागच्या आठवड्यात सकाळच्या वेळी पाण्यात होते. बेकरीवाले काका आता कठडा सोडून चालतात, मी नुसती बाजूला असते. माझं लक्ष नव्हतं. त्यांचा पाय घसरला आणि ते पाण्याखाली गेले. लगेच वर काढलं, काही झालं नाही. पण खोकला थांबल्यावर ते म्हणाले, 'पोरी, तुझं काय बिनसलंय ते मला माहीत नाही. पण तू काठावर नव्हतीस, माझ्या शेजारी होतीस.'

फिजिओबाईंनी काकांचा हात माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला. ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी वर्गात जाऊन बसले. अर्जाची नक्कल सोबत पाठवतेय. कुठे चुकलं सांग.

तुझी भाची


२ सप्टेंबर

पाणकोंबडे,

नापास झालीस की तोंड लपवायचं, ही खोड तुझी शाळेपासूनची. त्या वेळी तू कपाटामागे बसली होतीस. आता कपाट पुरणार नाही, खोड सोड.

अर्ज वाचला. 'माझ्याविषयी' या भागात पहिल्या परिच्छेदात तीन सबबी आहेत, दुसऱ्यात दोन. 'प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षणात व्यत्यय आला.' कुठली प्रतिकूल परिस्थिती? दोन वेळचं गरम जेवण होतं, स्वतःची खोली होती, अभ्यासाचं टेबल होतं. त्या टेबलावर तू पोहण्याचे कपडे वाळत घालायचीस, मी स्वतः पाहिलंय. हे वाचणारे लोक काय दुधखुळे आहेत? एका ओळीत खरं लिही: अभ्यास केला नाही. मग पुढचं पानभर लिही, की त्यानंतर काय केलंस. आणि बेकरीवाले पाण्याखाली गेले तेही लिही. ते लिहायला नको वाटेल, म्हणूनच लिही.

रसायनशास्त्राचे प्रश्न आता दर आठवड्याला येतील.

आणखी एक. माझा डावा खांदा धरलाय. हात कानापर्यंत जात नाही, केस विंचरायची पंचाईत. तुझ्या त्या बाईंकडे बघून तू बरंच शिकली असशील. एखादा व्यायाम लिहून पाठव.

आत्या


१४ सप्टेंबर

ती. आत्या,

व्यायाम पाठवणार नाही.

रागावू नकोस. मी रोज बघते, करवूनही घेते, पण बाईंनी सांगितलेलं. तुझा खांदा मी पाहिलेला नाही. सांधा आखडलाय, स्नायू दुखावलाय की आणखी काही, हे पत्रावरून मला कळणार नाही, आणि चुकीचं ताणलंस तर दुखणं वाढेल. खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखव. उद्याच जा, 'बघू' म्हणू नकोस. काय म्हणाल्या ते मला कळव, मला शिकायचंय.

तुझी भाची


२२ सप्टेंबर

पाणकोंबडे,

त्यांना दाखवलं. महिनोन् महिने लागतील म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटं चढवत बसते, वेड्यासारखी दिसते.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'कुठल्या वर्षाला आहे ही?' मी म्हटलं, 'अजून दाराबाहेर आहे.'

आत्या


५ फेब्रुवारी

ती. आत्या,

निकाल लागले. जीवशास्त्रात आणि शरीरक्रियाशास्त्रात वर्गात पहिली. (दुसरा शिंपी. त्याला फार वाईट वाटलं, मी चहा पाजला.) रसायनशास्त्रात बेताचीच, पण पास. मार्कांचा कागद आईने उशीखाली ठेवलाय. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर गेले की ती तो काढून बघते.

या वेळी एकाच कॉलेजात अर्ज करतेय, तुझ्या गावच्या. सबबी सगळ्या काढल्या. मागच्या वर्षी मागितलं होतं ते या वर्षी मागत नाही, तुझं उत्तर मला माहीत आहे.

तुझी भाची


१३ फेब्रुवारी

पाणकोंबडे,

न मागता पाठवलं आहे. बंद पाकिटात, परस्पर कॉलेजला. काय लिहिलं ते विचारू नकोस.

वर्गात पहिली आलीस हे मी जिन्यात तीन जणांना सांगितलं. त्यातले दोघे मला ओळखतही नव्हते.

आत्या


१९ मे

ती. आत्या,

तुझ्याच गावात मुलाखत आणि तुझ्याच घरी यायचं नाही, हे किती अवघड गेलं म्हणून सांगू! पण बाबांना न सांगता तुझ्या घरी पाऊल टाकणं बरोबर वाटलं नाही. तू समजून घेशील. आता ऐक.

लांबट खोली, टेबलापलीकडे तिघं. मधोमध प्राचार्यबाई, एका बाजूला जाड चष्म्याचे सर आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण शिक्षक, सारखे लिहीत होते. चष्मेवाल्यांनी माझी शाळेची गुणपत्रिका दोन बोटांनी अशी उचलली, जणू ओली आहे.

'हे जीवशास्त्र. काय झालं होतं?'

'नापास झाले, सर.'

'ते दिसतंय. आजारपण? घरची अडचण?'

'नाही सर. अभ्यास केला नव्हता.'

'पेपर तपासताना अन्याय झाला असं वाटतं?'

'नाही. तपासणारी माझी आत्याच होती. ती कुणाला एक मार्क फुकट देत नाही.'

त्यावर प्राचार्यबाईंनी चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि फायलीतून एक कागद काढला. म्हणाल्या, 'नातेवाइकाचं शिफारसपत्र आम्हाला नियमाने धरता येत नाही, त्यामुळे हे धरलेलं नाही. पण वाचलंय.' आणि मोठ्याने वाचलं. आत्या, मला ते तिथेच पाठ झालं:

'अर्जदार माझी भाची आहे, त्यामुळे हे पत्र बाद करावंत तरी हरकत नाही. मी हिला एकदा नापास केलं आहे. तो निर्णय योग्य होता आणि आजही तोच घेईन. गेलं वर्षभर हिची उत्तरं मी तपासते आहे. येत नाही तिथे ही "येत नाही" असं लिहिते. मी स्वतःच्या दुखण्यावर उपाय विचारला, तेव्हा मला ठाम नकार देऊन योग्य माणसाकडे पाठवलं. आत्याला नाही म्हणणं आमच्या घरात सोपं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी शिफारसपत्रं फार थोडी दिली. हे देताना मला अभिमान वाटतो.'

मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात चष्मेवाल्यांनी विचारलं, 'ते तलावातले गृहस्थ. चूक कोणाची?'

'माझी.'

'आता काय वेगळं करता?'

'घरचं जे काही असेल ते कपडे बदलायच्या खोलीत ठेवून येते, सर. आणि एखाद्या दिवशी ठेवता आलं नाही, तर बाईंना आधीच सांगते की आज मला एकटीला कोणाला देऊ नका.'

त्यांनी गुणपत्रिका खाली ठेवली. मग घोट्याच्या सांध्यावर तीन प्रश्न विचारले. दोन आले. तिसऱ्याला 'येत नाही' म्हटलं, तर तरुण शिक्षक खाली मान घालून हसले. बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पाऊल मोजत उतरले, थेट बेकरीवाल्या काकांसारखी.

निकाल जूनमध्ये.

तुझी भाची


२४ जून

पाणकोंबडे,

तुझी तार-वजा चिठ्ठी मिळाली: 'मिळाला. सशर्त. रडतेय.' वाक्यरचनेचे मार्क कापलेले नाहीत.

सशर्त म्हणजे पहिल्या सहामाहीत सगळ्या विषयांत चांगले मार्क हवेत, नाहीतर घरी. खालच्या बाईंनी सांगितलं. ते मिळतील, मी इथे आहे. वसतिगृह शोधू नकोस, माझी मागची खोली मोकळी आहे. सकाळचा उजेड तिथे चांगला येतो.

आता बाबांना सांग. माझ्याबद्दलही सांग. हे मी तुझ्यासाठी करणार नाही.

आत्या


१५ जुलै

ती. ताईस,

पत्र लिहायची मला सवय नाही. कामावर 'दोरखंड बदलला, तपासलं, चालू केलं' एवढंच लिहितो.

पोरीने सगळं सांगितलं. जेवणाच्या टेबलावर तुझी लाल शाईची पत्रं गठ्ठ्याने ठेवली. मी वाचली. सगळी. वाचून झाल्यावर तिच्या सायकलची साखळी घट्ट करत बसलो. ती सैल नव्हती.

मागचं काढत नाही. तुलाही माहीत आहे, मलाही.

परवाची एक गोष्ट लिहितो. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हाताऱ्या बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, हातात काठी. घाबरल्या होत्या. वीज तोडून दार उघडेपर्यंत वेळ लागतो, म्हणून मी फटीतून बोलत राहिलो. बाई म्हणाल्या, उभं राहवत नाही. मी म्हटलं, काठी भिंतीला टेकवा आणि हळूच खाली बसा, उठताना मी आहे. आणि मग तोंडातून निघून गेलं, 'माझी मुलगी हेच शिकायला जातेय. फिजिओथेरपी.'

'अगं बाई! हुशार असेल.'

'शाळेत नापास झाली होती,' मी म्हटलं.

ताई, हे वाक्य मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सासुरवाडीच्यांनाही नाही. आणि ते त्या फटीतून, खालच्या मजल्यावर उभे असलेले सगळे लोक ऐकत असताना, अगदी मोठ्याने बोललो.

आतून आवाज आला, 'मग हो?'

'मग शिकली. माझी थोरली बहीण आहे, शिक्षिका. तिने शिकवली.'

'जुन्या शिस्तीच्या असतील.'

'काय सांगू तुम्हाला!' मी म्हटलं, तशा आत त्या बाई हसायला लागल्या, आणि भीती गेली त्यांची. दार उघडून हात दिला तेव्हा म्हणाल्या, 'भाग्यवान आहात.' मी हो म्हटलं.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने पोरीला घेऊन येतोय. एक पेटी, पुस्तकांचं खोकं, आणि तिच्या आईने बांधून दिलेलं आणखी पुष्कळ आहे. वर चढवून देईन. तुझा खांदा दुखतो असं वाचलं, तू कशालाही हात लावू नकोस. मला रविवारी सुट्टी आहे. संध्याकाळच्या गाडीने परत फिरू शकतो, तिकीट काढलेलं नाही. राहा म्हणालीस तर राहीन.

तुझा धाकटा भाऊ